पैठणची वाट, तळहातांवर

छत्रपती संभाजीनगर ते पैठण, सुमारे 50 किलोमीटर. नाथषष्ठीला निघालेली आमची दिंडी हे अंतर दोन दिवसांत तोडते. मला चार दिवस लागतात, म्हणून मी तुकाराम बीजेलाच निघतो आणि पंचमीच्या संध्याकाळी पैठण गाठतो. मागून निघालेली दिंडी मला वाटेत गाठते. देवानं श्रीखंड्या होऊन संत एकनाथांच्या घरी पाणी भरलं म्हणतात; नाथांच्या वाड्यातला तो श्रीखंड्याचा रांजणही बीजेपासूनच भरायला घेतात. तिकडे रांजण भरत जातो आणि इकडे हा घाम गाळून रिता होत जातो, अशी आमच्या विणेकऱ्यांची दरवर्षीची चेष्टा. यंदाची माझी सातवी नाथषष्ठी.

उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. पायाला आधार देणारा कॅलिपर आणि दोन्ही हातांत कोपराखाली कडं असलेल्या कुबड्या. वाटेत भेटणारा प्रत्येक जण पायाकडे बघून हळहळतो. माझं सगळं लक्ष मात्र हातांकडे असतं.

शाळेत होतो तेव्हा काखेतल्या लाकडी कुबड्या होत्या. एका जत्रेत दिवसभर काखांवर लोंबकळत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी उजवं मनगट वर उचलेना. पाण्याचा पेला धरायला जावं, तर पंजा खाली लटकलेला. काखेजवळून जाणारी नस दबली होती. हात पूर्ववत व्हायला दोनेक महिने लागले. कुबडीची गादी काखेला टेकवायचीच नसते, मध्ये दोन-तीन बोटं फट ठेवून भार मुठींवर घ्यायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. कुबड्या देताना कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. फोटो मात्र काढून घेतला होता.

कोपराच्या कुबड्या आल्या आणि काखा सुटल्या, पण सगळा भार तळहातांवर आला. पहिल्या वारीत चितेगाव येईपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. प्लॅस्टिकच्या मुठी फाल्गुनाच्या उन्हात घामानं निसटतात. निसटू नयेत म्हणून आपण आणखी आवळतो, मनगट मागं मोडतं आणि तळव्याच्या करंगळीकडच्या कडेवर सगळं वजन येतं. तिथली नस दाबली गेली की मुंग्या आल्याच. सायकलवाल्यांचे हातमोजे घालून पाहिले. दुपारपर्यंत आत नुसता चिखल! आता मुठीवर फोमचा एक थर आणि त्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळतो. ओली झालेली पट्टी सोडून झोळीला वाळत टाकायची आणि दुसरी बांधायची. माझं धोतर असं हातात असतं.

उंचीचंही तसंच. हात सैल सोडून उभं राहिलं की मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. एका वर्षी मी लांब ढांगा पडाव्यात म्हणून दोन्ही कुबड्या एकेक भोक वाढवल्या. खांदे कानाला लागले आणि रात्री मान वळेना. पण डावी कुबडी एक भोक लांब ठेवायची, ही माझी स्वतःची अक्कल. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. दिंडी डावीकडून चालते, त्यामुळे माझी डावी कुबडी सतत साइडपट्टीच्या खोलगटात पडते आणि डावा हात ताणून ताणून खांद्यातून ओढला जातो. समतल जागेवर ही लांब कुबडी त्रास देते, तेव्हा चहाला थांबलो की बटण दाबून पुन्हा सारखी करून घेतो.

घाईत असलो की मी दोन्ही कुबड्या एकदम पुढं टाकून मधून झोका घेतो. वेग मिळतो, पण प्रत्येक झोक्याला अख्खं अंग दोन तळहातांवर आदळतं. वारीत हे फार वेळ परवडत नाही. मग उजवी कुबडी आणि डावा पाय, डावी कुबडी आणि उजवा पाय. दिंडीत 'भानुदास एकनाथ'चा गजर चालू असतो, त्यातल्या 'भानुदास'ला उजवी टेकवायची, 'एकनाथ'ला डावी. जी कुबडी हवेत असते तिची मूठ बोटांनी नुसती अलगद धरायची. तेवढाच त्या हाताला विसावा. पखवाजवाला रंगात येऊन लय वाढवतो तेव्हा मी खुशाल मागं पडतो.

टाळ माझ्या हाती कधी आला नाही. वाटेत कुणी पायाला हात लावला तर मला वाकता येत नाही. मी मुठी सोडून देतो, कुबड्या कड्यांवर लोंबत राहतात आणि तेवढ्यात हात जोडून घेतो. कुबड्या एकमेकींवर आपटून खणकन वाजतात, तोच काय तो टाळ.

यंदा बिडकीनला उजव्या कुबडीचं रबरी बूड झिजून नळी डांबराला लागली. सायकलच्या दुकानातल्या पोरानं नव्या बुडात आधी लोखंडी वायसर टाकलं, म्हणजे नळी रबर कापत नाही. मी इतकी वर्षं नुसतीच बुडं बदलत होतो.

ढोरकीनच्या मुक्कामाला गावातली पोरं वारकऱ्यांचे पाय दाबायला आली. एक दहा-बारा वर्षांचा माझ्यापुढं बसला, तेलाची वाटी घेऊन.

"पाय द्या, माउली."

"पाय राहू दे, बाळा. हात दाब."

तो विचारात पडला. "पायी चालू राहिले तुम्ही, मग हात कसे दुखू राहिले?"

मी तळवा पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी आलेल्या घट्ट्यावर त्यानं बोट फिरवून पाहिलं, मग तेल घेतलं आणि तळव्याच्या मधोमध अंगठ्यानं गोल गोल रगडत निघाला. करंगळीपाशी आल्यावर थांबला.

"हिला कळू राहिलं का?"

"थोडं थोडं."

त्यानं आणखी तेल घेतलं.