रोपं लावून टाकली की झालं ना?

नामशेष व्हायच्या बेतात असलेल्या झाडांचं काम करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो : ‘रोपवाटिकेत हजारभर रोपं करा आणि लावून टाका. त्या चिखलाच्या मागे कशाला लागलाय?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझा जीव ज्याच्यात अडकलाय ते झाड म्हणजे सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. आपल्या बिब्ब्याचं भाऊबंद. पण बिब्बा कोरड्या रानातही तग धरतो, आणि याला बारमाही ओहोळाची दलदल लागते. उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दापूर तालुक्यातल्या कत्तलेकानच्या रानजायफळांच्या दलदलीत ते सापडलं. शास्त्राच्या दप्तरी नाव लागलं ते थेट २००० साली.

अशा दलदलीतल्या बहुतेक झाडांचं बी सुकलं की मेलंच. ते डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवायची सोय नाही. ओलं आहे तोवरच रुजत घालायचं. त्यात या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. जायफळाच्या बागायतदाराला ही गोम ठाऊक असते, म्हणून तो मादीची कलमं लावतो. आम्हाला तेवढ्यावर भागवता येत नाही. कलम म्हणजे त्याच झाडाची नक्कल, आणि इथे मुळात झाडंच मोजकी उरलीत. म्हणून वेगवेगळ्या माद्यांखालचं बी वेचायचं, रोपं करायची आणि घोळक्याने लावायची. नर कुठलं, मादी कुठली, हे पहिला फुलोरा येईपर्यंत कळत नाही.

बरं, लावायची कुठे? दलदलीत रानजायफळाची मुळं गुडघे दुमडल्यासारखी चिखलातून वर आलेली असतात, हवा घ्यायला. त्यांच्या मधल्या ओल्या गाळात रोप धरतं. अशाच ओहोळांच्या काठी भातखाचरं झाली, सुपारीच्या बागा उभ्या राहिल्या. त्यात कुणाला दोष देववत नाही. बारमाही पाणी दिसलं की माणूस तिथे पीक घेणारच. पण सुपारीला पाणी हवं असतं ते नेमकं उन्हाळ्यात, आणि या दलदलीला जगायलाही तेव्हाच हवं असतं. त्यामुळे माझ्या लेखी कामाचा अवघड आणि खरा भाग रोपवाटिकेत नाही. बागा असलेल्यांशी बसून एप्रिल-मेमध्ये किती पाणी वळवायचं हे ठरवणं, हा तो भाग. त्याला वेळ लागतो, वाद होतात, पुन्हा बसावं लागतं.

रोपं आम्ही करतोच. पण ती न्यायच्या आधी ओहोळाच्या वरच्या अंगाला चढून नवा पाइप पडलाय का, ते बघून येतो.