बडोद्याची पुस्तकसूची, नोंद २: पोस्टग्रेस चढलं, ‘ळ’ जागेवर आला

यंत्र तेच, मागच्या नोंदीतलं: जुना आय-३ डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, २४० जीबीची साटा एसएसडी आणि बॅकअपसाठी १ टीबीची वेगळी हार्ड डिस्क. काम एवढंच की दांडिया बाजार-रावपुरा भागातल्या घरगुती संग्रहांतली मराठी पुस्तकं एका सूचीत आणायची. नोंदी एकट्याने करायच्या असतील तर एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) पुरेसं आहे, सर्व्हरचा खटाटोप करू नका. इथे तीन-चार लॅपटॉपवरून एकाच वेळी भरणा होतो, म्हणून पोस्टग्रेस, म्हणजे अनेकांना एकाच वेळी वापरता येणारा डेटाबेस-सर्व्हर.

डेबियन १३ मध्ये पोस्टग्रेस १७ आहे. एपीटीने इन्स्टॉल केलं की ‘मेन’ नावाचा क्लस्टर (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसांचा संच) आपोआप तयार होतो, आणि पहिला खड्डा इथेच आहे. यंत्राचं लोकॅल (भाषा-लिपीची सेटिंग) नुसतं ‘सी’ असेल तर क्लस्टर एसक्यूएल_आस्की एन्कोडिंगमध्ये, म्हणजे लिपी न ओळखता, बनतो. मराठी भरता येतं, दिसतंही नीट, म्हणून कुणाला शंका येत नाही. तपासायला एक ओळ पुरे: सिलेक्ट लेंग्थ('कमळ'). उत्तर ३ आलं तर यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) आहे. ९ आलं तर सर्व्हर अक्षरं न मोजता बाइट मोजतोय, कारण देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला ३ बाइट लागतात.

रिकाम्या क्लस्टरची डागडुजी करत बसू नये. पीजी_ड्रॉपक्लस्टर १७ मेन --स्टॉप, मग लोकॅल दुरुस्त करून पीजी_क्रिएटक्लस्टर १७ मेन -- --डेटा-चेकसम्स. मधल्या सुट्या दोन रेघा विसरू नका, त्यांच्यापुढचे पर्याय इनिटडीबीकडे, म्हणजे क्लस्टर तयार करणाऱ्या आज्ञेकडे, जातात. चेकसम (डिस्कवरचा डेटा बिघडला का हे ओळखणारे आकडे) आवृत्ती १८ पासून आपोआप चालू असतात, १७ मध्ये मागावे लागतात. नंतर पीजी_चेकसम्सने चालू करता येतात, पण सर्व्हर बंद ठेवून.

डेटाबेस टेम्प्लेट० वरून बनवला: प्रोव्हायडर आयसीयू (भाषेप्रमाणे अक्षरक्रम लावणारी लायब्ररी), आयसीयू लोकॅल एमआर-आयएन (भारतातली मराठी), एन्कोडिंग यूटीएफ-८. आयसीयू हा अख्ख्या डेटाबेसचा मूळ क्रम म्हणून आवृत्ती १५ पासूनच ठेवता येतो. ‘सी’ क्रमात युनिकोडमधली जागा चालते आणि तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे बसलाय, म्हणून यादी येते ती काल, काळ, काव्य अशी. मराठी क्रमात काल, काव्य, काळ, आणि क्ष-ज्ञ अगदी शेवटी, ‘ळ’च्याही नंतर. ‘क्ष’ हा ‘क’खाली शोधणाऱ्यांना हे रुचणार नाही. आम्ही शाळेतली वर्णमाला धरली.

दोन गोष्टी सोबत येतात. आयसीयू क्रमात साधा इंडेक्स ‘सा%’ अशा लाइक-शोधाला (‘सा’ने सुरू होणारं सगळं) उपयोगी पडत नाही, त्यासाठी टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्सचा वेगळा इंडेक्स लागतो. आणि एलसी_सीटाइप (कोणता वर्ण अक्षर मानायचा ते ठरवणारी सेटिंग) ‘सी’ राहिला तर पीजी_टीआरजीएमला, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून शोधणाऱ्या एक्स्टेंशनला, देवनागरी अक्षरं अक्षरं वाटतच नाहीत. ते तुकडे दाखवणारं शो_टीआरजीएम रिकामी यादी देतं. म्हणून एलसी_सीटाइप एन_आयएन.यूटीएफ-८ ठेवला.

आता खरं डोकं खाणारं प्रकरण. एकच नाव दोन तऱ्हांनी टाइप होतं, दिसतं सारखं आणि जुळत मात्र नाही. ‘ॲ’ हा एकसंध वर्ण आहे, पण काही कळफलक ‘अ’ला चंद्र जोडून तो देतात. ‘ऑ’चंही तेच: ‘आ’ अधिक चंद्र. समतुल्य वर्णांना एकच रूप देणारं नॉर्मलाइझ फंक्शन, जे आवृत्ती १३ पासून आहे, या जोड्या एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या समतुल्य नाहीत. ‘र’ला नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ तेवढा एनएफसीने (नॉर्मलाइझचं नेहमीचं रूप) एकसंध होतो. पण ‘दऱ्या’तला अर्धा ऱ आणखी एका वाटेने येतो: र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. तो एनएफसीला दिसतच नाही.

उपाय म्हणून मूळ नावाला हात लावला नाही. शेजारी जनरेटेड, स्टोअर्ड (मूळ नावावरून आपोआप बनून साठवला जाणारा) असा ‘शोधनाव’ स्तंभ ठेवला. त्यात रिप्लेस एकात एक आणि बाहेरून नॉर्मलाइझ; दोन्ही इम्युटेबल (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारी) असल्याने चालतं. क्रम मात्र पाळायचा: आधी र-हलन्त-जोडक या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त, आणि त्यानंतरच उरलेले जोडक काढायचे. उलट केलं तर सगळ्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि एकदा झाला की परत वेगळं करायला आधार उरत नाही. युनिक बंधनही (तीच नोंद दोनदा होऊ नये म्हणून) शोधनाव, लेखक आणि वर्ष मिळून घातलं, मूळ नावावर नाही.

वर्षाचे दोन स्तंभ. जुन्या पुस्तकांवर शके असतं, काहींवर संवत. छापलंय ते तसंच मजकूर म्हणून, आणि क्रमासाठी इसवी सन स्मॉलइंटमध्ये. शकात ७८ मिळवायचे. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतचं असेल तर ७९. महिना छापलेला नसेल तर ७८च धरा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना ग्रंथालयं उभी करायला बोलावलं, त्या गावात सूची करताना निदान वर्षाचा घोळ नको!

भरण्यासाठी एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय घ्या, साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. या फाइलच्या तोंडाशी बीओएम (एन्कोडिंग सांगणारा न दिसणारा वर्ण) असतो. \कॉपीला (फाइल टेबलात भरणारी आज्ञा) हेडर दिलं तर तो पहिल्या ओळीबरोबर जातो, नाही दिलं तर पहिल्या पुस्तकाच्या नावाला चिकटून बसतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या याद्या आधी रूपांतरित करून घ्या. त्यांच्या आत रोमन अक्षरंच असतात.

सेटिंग: शेअर्ड_बफर्स २ जीबी, इफेक्टिव्ह_कॅश_साइझ ५ जीबी, वर्क_मेम १६ एमबी, मेंटेनन्स_वर्क_मेम २५६ एमबी, रँडम_पेज_कॉस्ट १.१, मॅक्स_कनेक्शन्स २०. काही हजार पुस्तकांना मूळ १२८ एमबी बफरही चाललं असतं. एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवून घेणं) बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वेग हवाच असेल तर सिंक्रोनस_कमिट बंद करा: वीज गेली तर शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदातल्या नोंदी जातील, पण डेटाबेस मोडणार नाही. पीजी_टेस्ट_एफसिंक एकदा चालवा. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला हजारो एफसिंक दाखवत असेल तर ती खोटं बोलतेय, खरा आकडा १२० च्या आसपास असतो. स्वस्त एसएसडीतही वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर नसतात, म्हणून यूपीएस यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या आणि एनयूटीने (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम) बॅटरी उतरताच यंत्र शिस्तीत बंद करवा. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय लावून ठेवा. यंत्र माळ्यावर किंवा बंद कपाटात नको, मे महिन्यात इथे बाहेरच ४० अंशांच्या वर असतं.

नेटवर्क: लिसन_अ‍ॅड्रेसेस बदलला तर रीस्टार्ट, पीजी_एचबीए (कोण कुठून जोडू शकतो त्याची फाइल) बदलली तर नुसतं रीलोड. एचबीएत पहिली जुळणारी ओळ लागू होते, म्हणून मोघम ओळ वर ठेवली तर खालच्या कडक ओळी शोभेच्या. आमची ओळ: होस्ट, सूची (डेटाबेस), नोंदकार (भरणा करणारा वापरकर्ता), १९२.१६८.१.०/२४, स्क्रॅम-शा-२५६. राउटरवर ५४३२ पोर्ट उघडू नका. ‘पर्मिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’ आलं तर घाबरू नका. आवृत्ती १५ पासून ‘पब्लिक’ या मूळ स्कीमात (टेबलांचा कप्पा) टेबल बनवायचा हक्क सरसकट मिळत नाही. नोंदकारसाठी वेगळी स्कीमा करून दिली.

बॅकअप रोज रात्री अडीचला क्रॉनने, पीजी_डंप -एफसी, दुसऱ्या डिस्कवर. त्यात रोल (वापरकर्ते) आणि पासवर्ड येत नाहीत, त्यासाठी पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली वेगळं. फाइल वेगळ्या लॅपटॉपवर पीजी_रिस्टोअरने उतरवून पुस्तकांची संख्या आणि काल-काव्य-काळचा क्रम, दोन्ही ताडून पाहिले.

डेबियनची पुढची आवृत्ती चढवताना आयसीयू बदलेल आणि ‘कोलेशन व्हर्जन मिसमॅच’ची, म्हणजे अक्षरक्रमाची आवृत्ती जुळत नसल्याची, सूचना येईल. तेव्हा आधी रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं), आणि मगच ऑल्टर डेटाबेस रिफ्रेश कोलेशन व्हर्जन. उलट क्रमाने सूचना गप्प होते, पण इंडेक्स चुकीचेच राहतात, आणि असलेलं पुस्तक शोधात सापडत नाही.

बाकी आहे ते गुजराती लिपीतल्या नावांचं. ती सध्या त्याच यादीत देवनागरीनंतर येतात. भाषेचा स्तंभ घालून क्रम वेगळा लावायचाय.