क्रीमची एसटी

चार वर्षांच्या मुलाला केक नको असतो, त्याला वस्तू हवी असते. चॉकलेट की व्हॅनिला, हे सगळे प्रश्न मोठ्यांचे. भाच्याला विचारलं, "केक कसला हवा रे?" तर म्हणे, "येष्टीचा." चव कुठली, तर "लाल." बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, त्याच हिशेबात हेही माझ्याच गळ्यात पडलं.

वाढदिवस १ जूनचा. तारीख ऐकून मोठी माणसं हसतात, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावून दिलेली हीच तारीख कित्येकांच्या दाखल्यावर आहे. याची मात्र अस्सल आहे. आणि गंमत म्हणजे एसटीची पहिली गाडीसुद्धा १९४८ साली १ जूनलाच पुण्याहून अहमदनगरला निघाली होती. म्हणजे हट्ट अगदीच बिनबुडाचा नव्हता!

शिवाय बस हा मोठा दयाळू आकार. ससा, मोर, राजकन्या यांच्या वाटेला मी जात नाही. राजकन्येचं नाक जरा सरकलं, की सगळ्या पाहुण्यांना खोटं बोलावं लागतं. बस म्हणजे नुसता लांबट ठोकळा. ब्रेडच्या टिनात निम्मी आपोआप तयार होते. केक मात्र जड हवा: लोणी, साखर, मैदा, अंडी, सगळं समान वजनाचं. हलक्याफुलक्या स्पंजवर सुरी चालवली की हातात भुगा येतो. भाजलेला केक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा आणि सकाळी थंडगार असतानाच कापायचा. वर फुगून आलेला घुमट आधी उडवायचा, म्हणजे टप सपाट होतो. तो घुमट चहाबरोबर उभ्या उभ्या खाणं हा करणाऱ्याचा हक्क आहे, त्यात वाटेकरी नको.

क्रीमचा पहिला हात अगदी पातळ, चुरा जागच्या जागी बसवण्यापुरता. मग पुन्हा फ्रीज, आणि त्यावर खरा थर. खरी परीक्षा लाल रंगाची. लोण्याच्या क्रीममध्ये कितीही लाल घाला, आधी गुलाबीच दिसतं. घाई करून ओतत राहिलं की क्रीम कडवट होतं आणि पाहुण्यांच्या जिभा लाल. त्यापेक्षा क्रीम आदल्या दिवशी रंगवून ठेवावं, रात्रीतून रंग आपसूक चढतो. त्यात हे पाऊस तोंडावर आलेले दिवस. पंख्याखाली लोणी धीर सोडतं, म्हणून थोडं क्रीम लावायचं, बस फ्रीजच्या डेपोत लावायची, पुन्हा बाहेर काढायची.

फॉन्डंट, म्हणजे केकवर लाटून लावायचा साखरेचा मऊ गोळा, मी मोजकाच वापरते. दिसतो झकास, पण मुलं तो सोलून ताटलीच्या कडेला लावतात. खिडक्या आणि पाटी, एवढ्यापुरता ठीक. पाटीवर वितळलेल्या चॉकलेटने, टूथपिकच्या टोकाने 'पुणे–भोर' लिहिलं. साहेबांना अजून वाचता येत नाही, पण पाटी कोरी चालत नाही. चाकांना क्रीमची काळी बिस्किटं लावली, दोन पुढे, दोन मागे. तेवढ्यात साहेब तपासणीला आले. हात मागे बांधून एक फेरी मारली, खाली वाकले.

"आत्या, मागे डबल टायर असतात."

असतातच की! इतकी वर्षं एसटीने हिंडते आहे, पण मागचे टायर जोडीने असतात हे कधी मनावर घेतलं नव्हतं. मागच्या चाकांना आणखी एकेक बिस्किट चिकटवलं. आरसे पांढऱ्या फॉन्डंटचे झाले. घंटीची दोरी मागितली गेली, तेव्हा ती आत असते, बाहेरून दिसत नाही, असं सांगून वेळ मारून नेली.

संध्याकाळी औक्षण झालं, सुरी आली, आणि खऱ्या गाडीत होतं तेच सुरू झालं. प्रत्येकाला खिडकी हवी! खिडक्या मोजक्या, पोरं पंधरा-वीस. "मी आधी रुमाल टाकला होता," हे कोणीतरी खरोखर म्हणालं. आजोबा म्हणाले, "मला मागचा तुकडा द्या, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग," आणि ताटली घेऊन गॅलरीत जाऊन बसले. वाढदिवसाच्या मुलाला ड्रायव्हरची केबिन मिळाली. ती त्याने तशीच माझ्या ताटलीत ठेवली, मागची डबल टायरं उपटून घेतली आणि खात खात खेळायला पळाला.