वरचं दूध आणि खारं पाणी

मंगळवार, रात्र

पोरगी आत्ता कुठं झोपली, म्हणून लिहून राहिले. आज पुन्हा जाऊबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच व्हिडिओ पाठवला, डब्याच्या दुधात केमिकल, लेकराला विष पाजू नका, मागं भुताच्या सिनेमासारखं म्युझिक. त्यांना फॉरवर्ड करायला काय जातं. इथं सिझर झालं, पोरगी वजनाला कमी, अंगावरचं पुरत नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनीच सोबत डब्यातल्या पावडरचं वरचं दूध चालू करायला लावलं, अन् गाई-म्हशीचं वर्षभर नाही म्हणजे नाही, त्यात प्रोटीन अन् क्षार जास्त, तान्ह्या लेकराच्या किडनीवर लोड येतो, लोह तर नावालाच. आजेसासूबाईंचं वेगळंच, "आमची सारी लेकरं बकरीच्या दुधावर वाढली बाप्पा, तुमच्याच पोरीले डबा काऊन लागते?"

तरी असं काही पाहिलं की पोटात गोळा येतोच. दुपारी डब्यामागच्या बारीक अक्षरांचा फोटो काढला अन् झूम करून एकेक नाव शोधत बसले. फेरस सल्फेट म्हणजे गरोदरपणात आशाताई लाल गोळ्या द्यायच्या ना, त्यातलंच लोह. टॉरिन आईच्या दुधात असतंच, इथं कारखान्यात बनवून टाकतात. सोया लेसिथिन तेल अन् पाणी वेगळं होऊ नये म्हणून, एस्कॉर्बिल पाल्मिटेट हे व्हिटॅमिन सीचंच एक रूप, तेल खवट होऊ नये म्हणून. एवढी भ्यायले होते त्या नावांना! माल्टोडेक्सट्रिन मात्र मला काही आवडलं नाही. ते स्टार्चपासून बनवतात, आईच्या दुधात मुख्य साखर लॅक्टोज, मग इथंही नुसतं लॅक्टोजच घाला ना, पण ते महाग पडतं म्हणे. पुढच्या वेळी मेडिकलवाल्याला विचारणार, याच्याशिवायचा डबा आहे का. डब्यावर बाळाचा फोटो नसतो हे आजच लक्षात आलं, १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, जाहिरातीलाही. बरंच आहे, गुटगुटीत बाळ दिसलं असतं तर आजेसासूबाईच दोन डबे घेऊन आल्या असत्या.

अन् चीनमध्ये २००८ साली जे झालं, पाणी घातलेल्या दुधात प्रोटीन जास्त दिसावं म्हणून मेलामाइन, म्हणजे प्लास्टिकसाठी वापरतात ते केमिकल, मिसळलं, तीन लाखांच्या आसपास लेकरं आजारी पडली, सहा दगावली, ते मेलामाइन काही डब्यावर छापलेलं नव्हतं. जे छापलंय ते निदान वाचता तरी येतं.

मग डोक्यात आलं, बाटलीत खरं तर सगळ्यात जास्त काय असतं? पाणी! तीस मिलीला डब्यातला एक सपाट चमचा पावडर, बाकी सारं पाणीच, अन् ते कंपनीचं नाही, आपलं. आपण खारपाणपट्ट्यातले. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही त्यात, अन् उकळलं की जंतू मरतात पण खार कुठं जातो, उलट पाणी आटून आणखी दाट होतो. बरं, पावडर काही निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी सत्तर डिग्रीच्या खाली जायच्या आत त्यात पावडर घालायची अन् मग बाटली थंड करून पाजायची, असं डब्ल्यूएचओ सांगते. हे त्या व्हिडिओत कुठंच नाही. अन् शेजारची ती, डबा पुरवून वापरते म्हणून चमचा अर्धाच भरते, तिला काय बोलणार, वेचणीची दीड-दोन दिवसांची मजुरी जाते एका डब्यात. तरी उद्या सांगणार आहे, लेकरू नुसतं पाण्यावर कसं वाढेल.

आम्ही कॅन आणतो आरओ प्लांटवरून. तो प्लांटवाला भाऊ म्हणतो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, एकदम बरोबर, पण मीटर कधी दाखवत नाही. गावातल्या काही बायांना पाणी तपासायचं किट अन् ट्रेनिंग मिळालंय जलजीवन मिशनमधून, त्यातल्या एकीला सकाळी बोलावलंय, कॅनचं अन् नळाचं दोन्ही तपासून देते म्हणाली. हे ऐकून आमचे हे हसले, "कंपनी सोडून तू आता त्या प्लांटवाल्याच्या मांगं लागली का?" हो, लागले.