तीन बुधवार, तीन पहिले अंक

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार

नवा अंक हातात आला की मी आधी शेवटची पानं तळव्याखाली दाबून धरते. चाळताना शेवट दिसला की महिन्याभराची मजा गेली, हा धडा एकदा घेऊन झालाय. आज तर जास्तच जपलं, कारण ‘ॲब्सोल्यूट बॅटमन’ या नव्या कॉमिक्स मालिकेचा पहिला अंक. डीसी ही कंपनी ‘ॲब्सोल्यूट’ नावाखाली आपले जुने नायक पुन्हा पहिल्यापासून मांडतेय. कथा स्कॉट स्नायडरची, चित्रं निक ड्रॅगोटाची. (डीसीचे अंक मधली चार वर्षं मंगळवारी यायचे, या जुलैपासून पुन्हा बुधवारी यायला लागलेत. माझ्या आयुष्यात याने काडीचा फरक पडत नाही, तरी बरं वाटलं.)

बातमी कधीचीच फुटली होती: हा बॅटमन श्रीमंत नाही. हवेली नाही, पैसा नाही, दिमतीला बटलर नाही. मी नाक मुरडूनच वाचायला बसले. नायकाकडचं काहीतरी काढून घ्यायचं आणि त्याला नवा अवतार म्हणायचं, ही या धंद्यातली जुनी युक्ती. दोन वर्षांनी सगळं गुपचूप परत केलं जातं.

पण पहिल्या काही पानांतच नाक सरळ झालं. नेहमीचा बटलर आल्फ्रेड आहे, फक्त चहाचा ट्रे घेऊन नाही. तो ब्रिटिश गुप्तहेर आहे आणि निवेदन त्याचंच. म्हणजे बॅटमन आपल्याला भेटतो तो एका परक्या, थकलेल्या, संशयी माणसाच्या नजरेतून. ड्रॅगोटाने तो काढलाय तोही भिंतीसारखा, चौकटीत मावत नाही असा. आणि छातीवरचं ते भलंमोठं वटवाघूळ? ते उपसलं की कुऱ्हाड होते. मी मोठ्याने हसले. शुद्ध वेडेपणा आहे, पण मनापासून केलेला वेडेपणा मला चालतो. अर्धवट, लाजतमुरडत केलेला नाही चालत.

कुऱ्हाडीपेक्षा मनात राहिली ती आई. १९३९ मध्ये ब्रूसच्या, म्हणजे बॅटमनच्या, आईवडिलांचा खून पहिल्यांदा छापला गेला. तेव्हापासून त्या बाईला काम एकच, गल्लीत मरायचं. तुटणारी मोत्यांची माळ पुढे कधीतरी जोडली गेली. इथे वडील शाळामास्तर, आणि ते शाळेच्या सहलीत, प्राणिसंग्रहालयातल्या गोळीबारात जातात. आई, मार्था, मात्र जिवंत आहे. मुलाशी बोलते. त्याच्या थकव्याकडे बघते. ऑस्वाल्ड, एडवर्ड, वेलन, हार्वी, म्हणजे आपण ज्यांना खलनायक म्हणून ओळखतो ते सगळे, त्याचे लहानपणापासूनचे मित्र. पुढे यांचं काय होणार हे मला ठाऊक आहे आणि ब्रूसला नाही. त्यामुळे त्यांची साधी थट्टामस्करी वाचतानाही पोटात गोळा येतो.

१३ ऑक्टोबर, रविवार

बॅटमन तिसऱ्यांदा वाचला. आज फक्त पानं कशी उलटतात ते बघत होते. छापील अंकात धक्का नेहमी डाव्या पानावर ठेवायचा असतो. उजव्या पानाचा शेवटचा चौकोन प्रश्न टाकतो आणि उत्तरासाठी कागद उलटावा लागतो. तेच उत्तर उजव्या पानावर आलं तर डोळा आधीच तिकडे पळालेला असतो, मग कितीही जीव ओतून काढलेलं चित्र असो. मोबाइलवर एकेक चौकट सरकवत वाचणाऱ्यांना हे कळतच नाही. तिथे प्रत्येक चौकटच धक्का, म्हणजे एकही नाही.

मित्राचा फोन आला तेव्हा हेच सांगत होते. तो म्हणाला, “अगं, सहा महिने थांब की. ट्रेड निघेल, सगळे अंक एका पुस्तकात, एका बैठकीत वाच. वीस पानांसाठी महिनाभर काय लटकायचं?”

हा वाद आमचा दर वर्षी होतो. त्याचं अगदीच चूक नाही. नेहमीच्या अंकात कथेला वीसेक पानं मिळतात, जाहिराती धरून बत्तीस. पंधरा मिनिटांत संपतं. आणि कित्येक लेखक आता थेट ट्रेडसाठीच लिहितात, हेही खरं. सहा भागांची गोष्ट समान कापायची आणि तिसऱ्या अंकात नुसती ये-जा दाखवायची. अशा अंकावर मी स्वतःच चिडते. पण तो अंकाचा दोष नव्हे, लिहिणाऱ्याचा.

त्याला मी ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’चं उदाहरण दिलं. जोनाथन हिकमनने यातला पीटर पार्कर लग्न झालेला, दोन मुलांचा बाप केलाय. त्याला शक्ती मिळतात त्या या वयात. पण खरी करामत काळाची आहे: वाचकाचा एक महिना गेला की पात्रांचाही महिना जातो. एप्रिलमधला चौथा अंक जवळजवळ सगळाच जेवणाच्या टेबलावर घडतो. दोन जोडपी, गप्पा, मारामारी नाही. पुष्कळ जण वैतागले. मला त्या वर्षातला तोच सगळ्यात आवडला, कारण पुढचे तीस दिवस मी त्या टेबलावरची न बोललेली वाक्यं चघळत होते. ट्रेडमध्ये तेच प्रकरण दोन हाणामाऱ्यांच्या मधली विश्रांती वाटेल.

“म्हणजे तुला वाट बघायला आवडतं,” तो म्हणाला.

असेल. ‘क्रमशः’ हा शब्द मला लहानपणापासून छळतही आलाय आणि आवडतही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज घेण्यासारखं काही नव्हतं. नव्या पहिल्या अंकांची व्हेरिएंट मुखपृष्ठं बघत बसले. एकाच अंकाला किती चेहरे. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाने पाच मुखपृष्ठांच्या जोरावर ऐंशी लाखांहून जास्त प्रती खपवल्या. लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे जपून ठेवले, पुढे सोनं होईल म्हणून. सगळ्यांनीच ठेवल्यावर कसलं सोनं? मी एकच प्रत घेते, वाचते, पुन्हा वाचते. पिनांजवळ सुरकुत्या पडतात. पडू देत.

२३ ऑक्टोबर, बुधवार

‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’. केली थॉम्प्सन आणि हेडन शर्मन. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि उद्या लवकर उठायचंय, तरी लिहून ठेवते.

इथेही काढून घेण्याचाच खेळ. बेट नाही, बहिणी नाहीत, तिच्या लोकांचं नाव उच्चारायलाही बंदी. तान्ह्या डायनाला, म्हणजे वंडर वुमनला, नरकात आणून जादूगारीण सर्सीच्या गळ्यात बांधतात. सर्सीला ही ब्याद नकोय. पण पानागणिक ती वितळत जाते आणि हे कुठेही शब्दांत सांगितलेलं नाही. जवळ न घेणारी बाई जवळ घेते, एवढंच. मग मोठी झालेली डायना सांगाडा झालेल्या पेगासस या पंखवाल्या घोड्यावर बसून, स्वतःपेक्षा मोठी तलवार घेऊन राक्षसांवर तुटून पडते. दृश्य भव्यच आहे, त्याचं पोस्टर होणारच. पण ती लढताना मला दिसत होती ती सर्सीने वाढवलेली मुलगी. नरकात वाढूनही कडवट झाली नाही. इतकी वर्षं वंडर वुमनची दयाळूवृत्ती गृहीतच धरली जायची, देवांकडून मिळालेली म्हणून. इथे तिला तिचा उगम दिलाय.

शर्मनच्या चौकटींबद्दल उद्या. जॉर्डी बेलेअरच्या रंगांबद्दलही. नरकाचा तो लाल रंग डोळे मिटले तरी जात नाहीये.

२४ ऑक्टोबर

चौकटींबद्दल लिहिलं नाही. पुन्हा वाचत बसले.

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

तिसरा पहिला अंक: ‘ॲब्सोल्यूट सुपरमॅन’. जेसन आरन, राफा सँडोवाल. सर्वांत जास्त वाट मी याचीच बघत होते, त्यामुळे माझं मत थोडं आंबट असेल.

चांगलं आधी. क्रिप्टॉनवर, म्हणजे सुपरमॅनच्या मूळ ग्रहावर, वर्गभेद आलाय. त्याचे आईवडील जॉर-एल आणि लारा बड्या शास्त्रज्ञांच्या घराण्यातले नाहीत, कष्टकरी आहेत, वरच्यांसाठी राबणारे. छातीवरच्या त्या चिन्हालाही त्यामुळे वेगळा अर्थ येतो. पृथ्वीवर काल-एल, म्हणजे सुपरमॅन, खाणीतल्या मजुरांमध्ये राहतो, कंपनीच्या बंदुकवाल्यांशी त्याची गाठ पडते. १९३८ मधला पहिला सुपरमॅनही असाच होता, गरिबांच्या बाजूने उभा राहून मातब्बरांची गचांडी धरणारा. सँडोवालने धुळीचा अंगरखा असा काढलाय की तो हलताना ऐकू येईल असं वाटतं. आणि लोइस, सुपरमॅनची नेहमीची प्रेयसी, चक्क समोरच्या पक्षात! हे मस्त.

मग काय खटकलं? त्याला वाढवणारी केंट मंडळी नाहीत. शेत नाही, घर नाही. ठीक, घ्या काढून. पण बॅटमनकडून पैसा घेतला तेव्हा त्याला आई दिली. डायनाचं बेट घेतलं तेव्हा सर्सी दिली. या पोराला काय दिलं? एक बोलणारा पोशाख. अंक संपतो तेव्हा मला त्याच्याबद्दल हळहळ वाटते, पण त्याची ओळख पटत नाही. आरन मुद्दाम थांबलाय हे उघड दिसतं. काहीतरी राखून ठेवलंय. पण पहिल्या अंकाने एक तरी चेहरा माझ्याकडे ठेवून जावं. याने धूळ ठेवली.

मित्राला तोच सगळ्यात आवडला. त्याने ट्रेडची वाट न बघता विकत घेतला, हे त्याने कबूल केलं तेव्हा मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

“दुसरा कधी येतो?” त्याने विचारलं.

“बॅटमनचा पुढच्या आठवड्यात,” मी म्हटलं. “सुपरमॅनसाठी थांब.”

“किती?”

“महिना.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “त्या लोइसचं मला काही खरं वाटत नाही.” आणि आम्ही तासभर लोइसवर बोललो.