एक नंबर, तीन बाया : संपर्काचं सॉफ्टवेअर निवडताना आलेला अनुभव

जव्हार-मोखाडा भागात गरोदर बायांनी लोहाच्या गोळ्या न चुकता घ्याव्यात, यासाठी आमची संस्था काम करते. रोज एक गोळी, 180 दिवस. गोळ्या फुकट मिळतात, पण मळमळ होते, शौचाला काळं होतं, बाई घाबरते आणि पाकीट फळीवर जातं. नेमकं तेव्हा तिच्याशी कुणीतरी बोलायला हवं. कुणाशी कधी बोललो, ती काय म्हणाली, पुन्हा कधी जायचं, हे एका जागी राहावं म्हणून आम्हाला सॉफ्टवेअर हवं होतं.

कोटेशनं, मंजुऱ्या हे सगळं सुरळीत झालं. अडलं ते एका कंपनीपाशी. डेमो झकास! पण त्यातली माणसं त्यांची, नमुन्याची. 'आमची यादी घालून दाखवा' म्हटलं की उत्तर यायचं, 'आपली विनंती टेक्निकल टीमकडे पाठवली आहे.' आठवडे गेले. मी फोन करायची, दर वेळी नवा माणूस उचलायचा, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगा.

अखेर यादी चढली आणि जवळजवळ एक तृतीयांश नावं गायब! सिस्टीमने 'डुप्लिकेट' म्हणून एकत्र करून टाकली होती. कारण तिच्या लेखी एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस. आमच्या रजिस्टरात एकाच नंबरापुढे सासू, मोठी सून, धाकटी सून अशा तीन ओळी असतात, आणि फोन असतो मुलाच्या खिशात. धाकटीचा सातवा महिना सासूच्या नावावर जाऊन बसला. हे दाखवलं तर म्हणे, 'मॅडम, प्रत्येकीचा वेगळा नंबर घ्या ना.' अजूनही आठवलं की डोकं तापतं. बाईकडे फोन नाही, हीच तर आमच्या कामातली पहिली अडचण!

त्याच दिवशी मी त्या कंपनीचं नाव आमच्या निवडीतून काढलं आणि ते केलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

आम्ही सिव्हीसीआरएम घेतलं, संस्थांसाठी बनवलेलं संपर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर. त्यात व्यक्ती वेगळी, कुटुंब वेगळं, आणि दोघांचं नातं जोडता येतं. डुप्लिकेट कशाला म्हणायचं हा नियम आपण ठरवायचा. सॉफ्टवेअर मोफत आहे, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस मोफत नसतो. तो खर्च बजेटमध्ये आधीच धरा. गावात नेटवर्कशिवाय नोंदी करणं हीच तुमची मुख्य गरज असेल, तर कॉमकेअर आधी बघा. सगळं काम व्हॉट्सॲपवर चालत असेल तर ग्लिफिक.

हो, एसएमएसचं राहिलंच. मराठी मेसेज 70 अक्षरांत बसला तरच एक धरतात, पुढे दुसऱ्याचे पैसे. शिवाय डीएलटीवर, म्हणजे असे मेसेज पाठवणाऱ्यांसाठीच्या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, संस्थेची नोंदणी करावी लागते, आणि हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. नंतर मजकुरातला एक शब्द बदलला तरी मेसेज अडतो. म्हणून हे काम सॉफ्टवेअर ठरण्याची वाट न बघता सुरू करा. आणि फोन घरातल्या सगळ्यांचा असेल, तर मेसेजमध्ये गरोदरपणाचा उल्लेख नको. बाईने घरी अजून सांगितलेलंही नसतं.

डेमोमध्ये 'लीड', 'डील' असले विक्रीवाल्यांचे रकाने दिसले की विचारा, हे बदलता येतात का? आम्हाला हवे होते 'गोळी सुरू', 'बंद केली, कारण', 'पुन्हा सुरू'. बंद केल्याचं कारण लिहायला जागा नसेल तर ते सॉफ्टवेअर आमच्या कामाचं नाही. पत्ताही दोन ठिकाणचा ठेवता आला पाहिजे, दिवाळीनंतर कितीतरी घरं वीटभट्ट्यांवर जातात.

सही करण्याआधी सगळा डेटा शेरे-टिपांसकट बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडा. एका ठिकाणी आमच्या मराठी नावांची नुसती चिन्हं झाली होती.