हळकुंडाच्या सालीवरचं शिसं

बालरोगतज्ज्ञ मैत्रिणीने हळदीची पिशवी माझ्याकडे तपासायला पाठवली. तिच्याकडे आलेल्या एका मुलाच्या रक्तात शिसं सापडलं होतं. घरातला रंग, नळ, काजळ, खेळणी सगळं पाहून झालं, पण कारण हाती लागत नव्हतं. पिशवीत पूड होती आणि त्याच दुकानातली काही अख्खी हळकुंडंही होती. ती हळकुंडं नसती तर निकाल अर्धवटच राहिला असता.

पूड दाबून तिची पेलेट, म्हणजे घट्ट वडी, केली आणि लेझरखाली ठेवली. काही नॅनोसेकंदांची पल्स, म्हणजे लेझरचा क्षणिक झोत, पडली की तिथला कणभर भाग १०,००० केल्व्हिनच्या आसपास तापून त्याचा प्लाझ्मा होतो. सुरुवातीचा झगमगाट ओसरू द्यायचा, मग डिटेक्टर उघडायचा. तेव्हा वर्णपटात प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश आपापल्या तरंगलांबीला रेषेसारखा दिसतो. शिशाची रेषा ४०५.७८ नॅनोमीटरला. हळदीत पोटॅशियम भरपूर आणि त्याच्या रेषा ४०४.४ व ४०४.७ ला, म्हणजे अगदी शेजारी, त्यामुळे इथे घाई चालत नाही. पण शिशाची रेषा वेगळी, स्पष्ट उभी होती. पुढे ४२५.४, ४२७.५, ४२९.० या क्रोमियमच्या तिन्ही रेषाही होत्या.

शिसं आणि क्रोमियम एकत्र, म्हणजे लेड क्रोमेटचा संशय. पिवळ्याधमक रंगाचं हे रंगद्रव्य बांगलादेशात हळकुंडं पॉलिश करताना चोळत असत, हे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं होतं. तरी नुसत्या पुडीवरून बोलायला मी तयार नव्हते. क्रोमियम गिरणीच्या स्टीलमधून येऊ शकतं, शिसं जमिनीतून.

म्हणून अख्खं हळकुंड घेतलं आणि एकाच जागी पल्स देत राहिले. प्रत्येक पल्स थोडा थर उडवते, त्यामुळे पहिला वर्णपट सालीचा, पुढचे आतले. सुरुवातीला शिसं आणि क्रोमियम दोन्ही उंच. मग दोन्ही बरोबरीनेच खाली आले. पोटॅशियम मात्र टिकून राहिलं. हळकुंड मोडून गाभ्यावर पल्स दिली, तिथे शिशाची रेषाच नाही. आमच्या सांगलीकडच्या शेतातल्या हळकुंडावर ती सालीवरही नव्हती.

हळद काढणं, शिजवणं, वाळवणं, ड्रममध्ये घासणं हे मी लहानपणापासून पाहिलंय. शेतकऱ्याने महिनोन्‌महिने जपलेल्या पिकावर कुणीतरी शेवटच्या टप्प्यावर विष चढवलं होतं. मला प्रचंड संताप आला.

आमच्या या लेझरच्या पद्धतीला फार कमी प्रमाण दिसत नाही आणि अचूक आकडाही तिच्यावरून देऊ नये. म्हणून नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसवर, म्हणजे मूलद्रव्यांचं अगदी कमी प्रमाणही अचूक मोजणाऱ्या यंत्रावर, दिला. हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम. हा नमुना तिच्या कितीतरी वर निघाला. अहवाल अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवला.

त्याआधीच मैत्रिणीला फोन केला होता. शिजवल्याने शिसं जात नाही, घरातली ती हळद आजच बंद करायला सांग, आणि त्याच स्वयंपाकातलं खाणाऱ्या धाकट्या बहिणीचंही रक्त तपासून घे.